उणा पडसाद

चारशे किलोमीटरवरून तो खाली हाक देतो,
दोन सेंटिमीटरच्या लाटांची,
आणि कान देऊन बसतो.
आधी थेंब बोलतात, हळू, एकमेकांच्या वरचढ.
मग तळाचा समुद्र,
मोठ्यानं,
एकदाच.

सुवाच्या कचेरीत मी त्या बोलण्याचे आकडे लावतो.
युक्ती तशी जुनी आहे:
कोरड्या दिवशी समुद्र किती मोठ्यानं उत्तरतो
ते आधी टिपून ठेवायचं.
पावसात तोच आवाज पडतो,
वाटेतल्या पाण्यानं थोडा जाता-येता खाल्लेला.
जितका खाल्ला, तितका पाऊस.
म्हणजे बत्तीस वर्षं मी पाणी नाही मोजलं.
पाण्यामुळे काय पोचलं नाही, ते मोजलं.

वारा मात्र लबाड.
पाण्याला शिरशिरी आली की तेही दबकं बोलतं,
आणि कळत नाही,
आभाळ मधे आलंय
की समुद्रच आज घुमा.
अशा वेळी मला खाली उभं असलेलं माणूस लागतं.

आबेमामा बेटावर ते माणूस म्हणजे नेई रेरेआओ.
शाळेमागे, नीरफणसापासून वीस पावलांवर,
तिचं तांब्याचं पर्जन्यमापक, काचेची नळी, शाई फुटलेली वही.
रोज सकाळी नऊ.
दर शुक्रवारी ती वायरलेसवर आकडे वाचते,
मागे कोंबड्या.

त्या वर्षी सात महिने ती नुसती शून्यं वाचत होती.
खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड पाण्याचा पापुद्रा
विहिरीविहिरीतून विरला,
बाबाईच्या खड्ड्यांत पानं कडेनं करपली,
आणि ती म्हणायची, शून्य, शून्य, शून्य, थेंबमात्र, शून्य.

मार्चची तेवीस.
रात्री दोन वाजून अकरा मिनिटांनी उपग्रह बेटावरून गेला.
समुद्राचं उत्तर सात डेसिबलनं खचलेलं!
मी खुर्चीतून उठलो.
वहीत मात्र शून्य.

विचारलं, जरा साहेबी आवाजातच:
झाकण राहिलं होतं का? मापक कलंडलं?
पलीकडे खरखर. मग ती:
"पडला ना. भांडं भरलं होतं.
लेकीचं पोर तीन दिवस तापात.
टाकी आटलेली, पत्रा गंजका,
त्यावरचं पहिलं पाणी पाजवेना.
तुमचंच भांडं तेवढं स्वच्छ.
उजाडायच्या आत ओतून घेतलं.
न मोजलेलं कसं लिहू?"

मी नियम सांगितला.
शून्य म्हणजे पडला नाही.
ठाऊक नसेल तिथे आडवी रेघ मारायची.
"ठाऊक नाही कसं?" ती म्हणाली.
"करवंटीनं चार वेळा. चौथी काठापर्यंत नव्हती."

आता माझ्या उपग्रहाचं सांगायचं तर
त्याला ते बेट डोळा लवेपर्यंतच दिसलं.
त्या क्षणी ताशी तीस मिलिमीटर,
हे तो शपथेवर सांगेल.
किती वेळ, ते त्याला विचारू नये.
तोवर तो पुढच्या समुद्राला हाक मारत होता.

शनिवारी बाजारातून सहा नारळ आणले.
फोडले, खोबरं बायकोला दिलं,
करवंट्या एकेक करून काचेच्या नळीत रिकाम्या केल्या.
बायको दारातून बघत होती. काही बोलली नाही.
सरासरी काढली, चौथीचे थोडे वजा केले,
मापकाच्या तोंडानं भागलं:
एकोणतीस.

तक्त्यात एकोणतीस लिहिले.
शेजारच्या रकान्यात दर्जा भरावा लागतो.
"शंकास्पद" लिहिलं, कारण "करवंटी" असा संकेतांक नाही.

पुढच्या शुक्रवारी ती वेळेवर आली.
शून्य, शून्य, चार, शून्य, अकरा.
आवाज नेहमीचाच, थोडा लांबून.
आकडे उतरवून झाले, संपर्क तुटला,
आणि मग लक्षात आलं,
कोंबड्या ऐकू आल्या नव्हत्या.

वारा असेल.
पोराचं विचारायचं राहिलं.