मिळून आला

तेहतीस वर्षं बेलिफ.
आधी सायकल, मग लुना, आता पोराची जुनी ॲक्टिव्हा.
पोटगी, घरभाडं, चेक बाऊन्स, वाटणी,
सगळं बजावून आलो सदर ते पारडी ते कामठी.
असा कागद मात्र पहिल्यांदाच आला.
वर दिल्लीचे तीन शिक्के, खाली न वाचता येणारी सही,
आणि कोपऱ्यात नाझरसाहेबांची पेन्सिल:
खोंडे, हे तुम्हीच न्या.

बेझनबाग, दुसरी गल्ली, निळं फाटक.
सुगंधा लोखंडे, वय एकाहत्तर, मेयोतून निवृत्त.
मेथी निवडत होत्या. उभ्यानंच वाचलं.
सापडला का जी तो?
मी म्हटलं, बाई, मी फक्त बजावतो.
ओल्या बोटांनी सही केली, शाई फुटली.

ऐन तिशीत त्या तिकडे गेल्या होत्या,
मिशनच्या दवाखान्यात, चार वर्षांच्या करारावर.
तिसऱ्या वर्षी त्या देशात भावाभावांचं युद्ध पेटलं.

व्हीसीची खोली, दुसरा मजला.
तिकडचे दहा, इकडचे अडीच.
पडद्यावर एक खिडकी, खिडकीत बर्फ,
आणि कानाला यंत्र लावलेला राखाडी स्वेटरमधला म्हातारा.
त्या गावात तो अकरा वर्षं शाळेची बस चालवत होता.

मी दाराशी स्टुलावर.
मेलेले त्या कोर्टाचे कोणी नव्हते,
आमचे नव्हते,
आणि तरी खटला उभा होता.
मला अजनीच्या पुलाखालचा माणूस आठवला.
दोन ठाण्यांनी टेप लावला होता,
डोकं कुणाच्या हद्दीत, पाय कुणाच्या,
आणि तोवर ऊन चढलं.

नावं सांगा, म्हणाले.
बाई म्हणाल्या, नावं मला तेव्हाही उच्चारता येत नव्हती.
मी खाटांवरून ओळखायची.
खाट चार. खाट नऊ. अकरावर दोघी, मायलेकी.
दुभाषी पोरगी प्रत्येक आकड्यानंतर थांबायची,
मग तिकडचा दुभाषी तोच आकडा
आणखी एका भाषेत ठेवायचा.
चौदापर्यंत गेल्या. मधला तेरा गाळला,
मग म्हणाल्या, तेरा रिकामी होती. ती खरंच रिकामी होती.

ओळखता कसं?
डाव्या तळहाताला पाच टाके आहेत. मीच घातले.
कधी?
त्याच रात्री. नंतर.

त्याचा वकील पुढे झुकला. का घातले?
चित्र गोठलं. टेक्निशियननं वायर हलवली.
चित्र परत आलं तरी बाई गप्पच होत्या.
मग म्हणाल्या, त्यानं हात पुढे केला.
रक्त येत होतं.

न्यायाधीशबाईंनी त्याला हात दाखवायला सांगितलं.
त्यानं मूठ उघडली,
आणि आधी स्वतःच बघत बसला,
दारात मिळालेला कागद बघतात तसा.

ऑटोत बसवताना त्यांनी विचारलं,
इतकी वर्षं कागद वाटता तुम्ही. माणसं सापडतात?
सापडतात बाई, म्हटलं.

कामठी, दोन हजार तीन.
झोपड्या जाळल्याची केस, आरोपी लाकूडवाला.
ओसरीवर बसून तो तर्री पोहे खात होता.
मलाही दिले. वर शंभराची नोट.
मी लिहिलं, माझं अक्षर चांगलं आहे:
सदर इसम मिळून आला नाही,
घरास कुलूप, शेजारी सांगतात बाहेरगावी.
असं सात वेळा.
फिर्यादी बाई दर तारखेला यायची,
पायऱ्यांवर डबा उघडून बसायची.
एका वर्षी यायची थांबली.
फाईल दप्तरदाखल.

मार्चमध्ये मी निवृत्त होतोय.
काल रविवारी गेलो तिकडे. पिशवी घरीच ठेवली होती.
वखार अजून तिथंच, पाटी नवी.
फाटकाशी थांबलो, गाडी चालूच ठेवली.
कुलूप नव्हतं. तेव्हाही नव्हतं.
आत कुणीतरी खोकलं.