पाच वाजून गेलेत

पोरगी म्हणाली, नायना,
झोप नसती तर किती बरं झालं असतं बघा.
नर्सिंगचं दुसरं वर्ष, पुस्तक उशीएवढं जाड,
आणि डोळे कालचेच.
मी डबा घेऊन निघालो होतो रात्रपाळीला.
अंधारात चप्पल चाचपडत म्हटलं, हो की.

मग घरकुलापासून भद्रावती पेठेपर्यंत
सायकलच्या प्रत्येक पायडलला तेच:
झोप नसती तर.

तर सगळ्यात आधी शेठला कळलं असतं.
बारा तासांची पाळी चोवीसची,
वर म्हणाला असता, घरी जाऊन तरी काय करतोस?
बायकोनं हजाराच्या जागी दोन हजार विड्या वळल्या असत्या
आणि हजाराचा भाव निम्म्यावर आला असता.

तर आमची भांडणं मिटली नसती.
आमच्या घरात कुणी 'चुकलं' म्हणत नाही.
पाठ करून झोपतात
आणि सकाळी चहा पुढं सरकवतात, बशीसकट.

तर अम्मा गेली त्या दिवसाला
दुसरा दिवस आलाच नसता.
तोच एक दिवस मागावरून उतरत राहिला असता,
न कापलेला, पायाशी ढीग होत.
कात्री लागल्याशिवाय कापडाची चादर होत नाही.
हे तिला सांगायला हवं होतं.
डबा हातात होता, राहून गेलं.

राजेशम आठवला.
ऑर्डर अडकली म्हणून लागोपाठ तीन रात्री उभा,
दिवसा पण उभाच.
पहाटे साडेतीनला डोळे सताड उघडे,
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
आणि मोराच्या पिसाऱ्यात
जिथं हिरवा तिथं लाल.
काय बे हे, म्हटलं.
तर अगदी शांतपणे म्हणाला,
मोर हलला.

दार उघडलं नाही की झोप अशी कुठूनही आत शिरते.
बोटं वाचली त्याची, तेवढं नशीब.
चादर सेकंडमध्ये गेली.
नव्वद रुपयाला मीच उचलली.

रात्री दोनला लाइट गेली.
पेठेतले सगळे माग एका दमात गप्प,
आणि शेजारच्या खोल्यांतली लेकरं रडत उठली.
खडखडाटात जन्मलेली,
त्यांना शांतता दचकवते.
आम्ही मात्र जिथं होतो तिथंच खाली बसलो,
सुताच्या बाचक्यांना पाठ लावून,
तोंडं उघडी.
वीस मिनिटं असतील.
हजेरीत नाहीत, पगारात नाहीत,
मुकादम स्वतःच घोरत होता.
मी किती काय विकलंय, पाठ, नजर, उजवा कान.
झोपलेला मी अजून कुणाला विकता आलेला नाही.
गिऱ्हाईकच नाही, म्हणून असेल.

आता घरी आलोय.
वैशाखाची पहाट, भिंती अजून तापलेल्या.
सोलापुरात या दिवसांत चादर कोण पांघरतं?
अंथरायची.
राजेशमच्या लाल मोरावर पोरगी पडलीय,
पुस्तकात गाल,
कुठल्या तरी हाडाच्या चित्रावर थोडी लाळ.
बोटं हलतायत मधूनच,
कुणाची तरी नाडी बघत असल्यासारखी.

त्याच पुस्तकात लिहिलंय म्हणे,
झोपेत मेंदू धुतला जातो.
असेल. मला एवढंच दिसतं
की हिच्या कपाळावरची घडी
कुणीतरी हातानं सपाट केलीय
आणि या घरात मी सोडून कुणी जागं नाही.

पाचला उठवा, म्हणाली होती. शपथ घातली होती.
गजर वाजायच्या आधी मीच दाबला.

पाच वाजून गेलेत.
उठल्यावर ओरडेल.
ओरडू दे.