उगवणशक्ती

कंपनीत माझं काम एवढंच :
ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे,
असे चार कागद, गुंडाळून पेटीत उभे,
चौथ्या दिवशी मोजायचे, दहाव्या दिवशी पुन्हा,
वहीत लिहायचं, उगवण अठ्ठ्याऐंशी टक्के,
आणि उगवलेले, न उगवलेले
एकाच बादलीत.
बावीस वर्षं.

मोड आला की दाणा आतून गोड होतो, हे माहीत होतं.
चाखून कधी पाहिलं नव्हतं.

आमच्या बियाण्याला लाल औषध चोळलेलं,
म्हणून जालन्याच्या मोंढ्यातून पाच किलो दगडी ज्वारी आणली.
रात्रभर भिजवली, गोणपाटावर पसरली,
तीन दिवस उठून-उठून पाणी शिंपडलं.
कुशावर्ता म्हणाली, "कंपनीत मोजून मन भरंना का तुमचं?"
गच्चीवर वाळवली. मग तळहातावर चोळून-चोळून
कोंब झाडले, एकूण एक,
कारण ज्वारीच्या कोवळ्या कोंबात काय असतं
ते किराळ लागून आडवी झालेली गाय
पाहिलीय मी लहानपणी,
बदनापूरच्या शिवारात.

पहिली खेप : पातेलंभर कण्या.
डाव उभा केला तर उभाच.
गाळायला घेतलं तर फडकं फाटलं.
दुसरी आंबली, पण भलत्याच बाजूला.
तिच्यात कुशावर्तेनं बेसन कालवलं,
म्हणाली, कढी झाली बरी.
तिसऱ्या खेपेला समजलं :
आधी शिजवायचं, मग थांबायचं,
बोट बुडवून लगेच काढावं लागेल इतपत निवू द्यायचं
आणि मग मोडाची भरड वरून सोडायची.
घरघंटी तिची. भरडही तिनंच काढून दिली,
जाळी बदलून, तोंड वाकडं करून.

दहा मिनिटं काहीच नाही.
मग डाव हळूहळू कलला,
कुणी हात न लावता,
आणि पातेल्याच्या काठाला टेकला.
मी हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत आली.
घट्ट पातळ होताना
दोघं उभ्याउभ्या पाहत राहिलो.

हॉप्स महाग, कुरिअरनं येतात,
म्हणून निम्मं काडेचिराईत.
यीस्टला थंडी लागते, आणि आमची थंडी म्हणजे
पौषातले वीसेक दिवस,
त्यातही दुपारी कॅनभोवती ओलं पोतं.
कॅनची नळी पाण्याच्या तांब्यात.
रात्री दोनला
बुडुक.
बराच वेळ काही नाही.
बुडुक.
"कोण गिळायलंय?" तिनं झोपेत विचारलं.

चौथ्या दिवशी शेषेरावांची प्रयाग डबा घेऊन दारात.
मी कॅनवर चादर टाकली.
"वहिनी, परवाचं दळण कसलं दिलतं?"
कुशावर्तेचा चेहरा उतरला.
घरघंटीच्या पोटात माझी भरड अडकलेली,
झाडायची राहून गेलेली,
ती हिच्या पिठात.
"भाकर थापायला सैल व्हायली, पण लेकरं
कोरड्यास न घेता नुसतीच खायलीत. गोड लागायली म्हणे.
तसलंच द्या दळून."

कुशावर्ता माझ्याकडं न बघता म्हणाली,
"चार दिवस लागतील. मोड यावे लागतात."

बिअर? झाली ना.
बारा बाटल्या, त्यातली एक रात्री फुटली,
शेजाऱ्यांना वाटलं कुकर.
फेस टिकत नाही, तळाला गाळ,
चिराइताचा कडवटपणा दुसऱ्या घोटाला कळतो.
सगळं वहीत लिहिलंय, तारखेसकट.
टक्क्यांचा रकाना तेवढा रिकामा.

गच्चीवर हल्ली दोन गोणपाटं असतात.
एक तिचं.
त्यावर पाणी शिंपडायची मला परवानगी नाही.