पान्हा

उद्यमनगरातल्या शेडचा पत्रा रात्री नऊलाही तापलेला.
पेन ड्राइव्हवरून लिनक्स चढलं, नीट चढलं,
मग मी ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकला
आणि स्क्रीन काळी.
कोपऱ्यात एक रेघ उघडझाप करते,
बाकी काही नाही.

वीस वर्षं लेथ चालवली.
बेअरिंग गेलं तर हाताला कळतं,
टूल बोथट झालं तर आवाज बदलतो.
हे मुकं.
पंखा फिरतोय, म्हणजे जीव आहे.

इलाही शिकलगारनं फोनवर एकेक अक्षर सांगितलं,
बूटच्या ओळीत शेवटी नोमोडसेट.
चित्र आलं, पण फुगलेलं, बोटभर अक्षरं.
ड्रायव्हर पुन्हा टाकला. पुन्हा अंधार.

दहाला गंगावेशीत गेलो दूध प्यायला.
कट्ट्याशी म्हैस, पिलाजी धार काढत होता.
त्याच्या भाच्यानं कासेला हात घातला
तर तिनं पाय झाडला.
"वळखीचा हात लागतोय तिला," पिलाजी म्हणाला,
"न्हाईतर पान्हा चोरती."

ग्लास अर्धाच ठेवून परत आलो.
मशीन सुरू होता होता एफ टू दाबून आत शिरलो:
सिक्युअर बूट, चालू.
सही नसलेल्या ड्रायव्हरला ते दारातच अडवत होतं
आणि मी काळ्या काचेला शिव्या देत बसलेलो.

बंद केलं.
रीतसर ओळख करून द्यायचीही सोय असते म्हणे,
ती शिकेन.

पावणेबाराला डायचं ड्रॉइंग उघडलं,
रेघ न् रेघ धारदार.
मिशीला फेस तसाच वाळलेला.
स्पीकरमधून आवाज मात्र
अजून नाही.