पेटी क्रमांक एकशे अकरा

गिर्ये गावच्या सड्यावर पत्र्याची शेड,
आत पेट्या. प्रत्येक पेटीत पाच पन्हळी,
पन्हळीत दगडाच्या कांड्या, उसासारख्या.
डावीकडे वरचं, उजवीकडे खोलातलं.
"हे चुकलं तर सात कोटी वर्षं उलटी होतील,"
मुकादमबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या
आणि बाण काढायला लाल रंगाचा डबा दिला.

बोअर सात समुद्रातला,
किनाऱ्यावरून दिवा दिसत नाही इतक्या लांबचा.
आधी चिखल, मग चुनखडी, पांढरी, ठिसूळ,
मग काळा पाषाण. साठ पेट्या काळा पाषाण.
मधे कुठे बोटभर लाल माती,
दोन लाव्ह्यांमधली सवड,
की पुन्हा काळा. झोपेतही माझे खांदे तोच उचलत.

एकशे अकरामध्ये काळा संपला.
खाली चार बोटं भाजलेली शेल,
नखानं टिचकी मारली तर कपबशीसारखी वाजणारी.
तिच्याखाली राखाडी, पानापानांची,
पानांत शिंपल्यांचे पांढरे काप.
मी म्हटलं, "ह्ये खुबेच मा, बाई?"
त्या हसल्या. "खुब्यांचे लांबचे पाहुणे.
लाव्हा यायच्या आधी इथे समुद्र होता. हा त्याचा तळ."

मग बाईंनी कांडीचा कण काढून दातांखाली धरला.
कचकचला तर वाळू आहे, नाही तर नुसता गाळ.
मी दुसरीकडे पाहिलं.

बाबा तांडेल. त्यांच्याकडे शिशाचा गोळा होता,
बुडाला खळगा, खळग्यात चरबी.
दोर सोडायचे, वाव मोजायचे,
गोळा वर आला की चरबीला चिकटलेलं
करंगळीवर घेऊन जिभेला लावायचे.
"काळी रेव. आंबोळगडाच्या समोर आसंव."
आणि असायचो.
त्यांचा सगळा समुद्र माझ्या पहिल्या पेटीच्या
पहिल्या पन्हळीत, वरच्या चार बोटांत मावतो.
हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

एकशे बारामध्ये नळी रिकामी आली.
तीन मीटर वीस.
जेवढं वर आलं नाही तेवढं लाकूड पेटीत ठेवायचं,
असा नियम. मी आमच्या होडीची फळी कापली.
दोन पावसाळे उलटीच पडून होती.
फणसाची, मोरीच्या तेलात मुरलेली.
बाईंनी ठोकळा हुंगला, विचारलं, मी सांगितलं.
त्यांनी ठोकळ्यावर आकडा घातला
आणि थोड्या वेळानं, तक्त्यावरून मान न उचलता:
"नागमोडी रेघ काढते ना मी, तिथे दगडच नाही.
साचला नाही, किंवा धुऊन गेला.
हे तसं नाही. हा दगड खाली आहे.
आपल्याला उचलता आला नाही. दोन्हींत घोळ करू नका."

बाबा तीन वर्षं बोललेले नाहीत.
वारं गेलं अंगावरून, डाव्या बाजूनं.
डॉक्टर म्हणतात, शब्द आहेत आत.

संध्याकाळी शेड झाडताना
एकशे अकराखालचा चुरा, चिमूटभर,
विडीच्या कागदात बांधला.
चोरीच ती, पण केरातली.

घरी त्यांच्या करंगळीवर ठेवला.
बराच वेळ काही नाही.
मग करंगळी तोंडाकडे गेली. चघळलं.
कपाळावर ती जुनी आठी आली,
आंबोळगड की मुसाकाझी, ठरवतानाची.
मी वाट पाहिली. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत होती.

उजवा हात त्यांनी पसरला,
खांद्यापासून बोटांपर्यंत ताठ,
दोर मोजताना पसरायचे तसा.
डावा हलला नाही.

अर्धा वाव.
मी त्यांचा डावा हात धरून लांब केला.