दुप्पट

सुरू होते. तक्रार ती नाहीच.
तिसऱ्या ओढीला होते, नेहमीसारखी,
रिकामी असली की गुरगुरते, सगळं आलबेल.
पण न्यिरेच्या वाळक्या खोडाला पातं टेकवलं
की आवाज घशात जातो,
साखळी दोन बोटं आत शिरते
आणि थांबते,
आजारातून उठलेलं माणूस जिन्यात कठडा धरून थांबावं तशी.

एप्रिल संपत आला.
आर्जेन्टिनाकडच्या खिंडीवर परवाच पांढरं पडलंय
आणि माझ्या पडवीत लाकूड आहे अकरा दिवसांचं.
मोजलं. दोनदा.
दुरुस्तीवाला एरास्मो सरोवरापलीकडे,
बोट थेट गुरुवारी,
तीही वाऱ्यानं मानलं तर.

म्हणून टेबलावर पोतं अंथरलं
आणि तिला उताणी निजवली.

आधी साखळी. माणूस आधी आपलाच आळस आठवतो.
कानस घेतली, एकेका दाताला तीन हात.
बोथट साखळी पीठ पाडते, धारेची कीस.
बाहेर नेऊन पाहिलं:
कीस पडला, सुरेख, पांढरा,
मूठभर.
मग पुन्हा कठडा.

हवेची गाळणी साबणाच्या पाण्यात धुतली,
चुलीवरच्या दोरीला मोज्यांशेजारी वाळत घातली.
तारेचा आकडा करून टाकीतून
इंधनाची गाळणी वर ओढली, गळाला लागलेल्या माशासारखी,
तोंड लावून फुंकली. फुंकर आरपार गेली.
त्यानंतरचं माते संध्याकाळभर पेट्रोलसारखं लागलं.
ब्रेक अडकलेला नाही.
कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव तिकडे,
शेवटी होता तिथेच.
प्लग काढला. काळा, ओला, चिकट.
इथेच मला कळायला हवं होतं.
पुसला आणि परत बसवला.

रात्री आठवलं,
फेब्रुवारीत ती नोल्बेर्तोकडे होती, कुंपणाच्या खांबांसाठी.
परत आणली तेव्हा पुसूनपासून लख्ख,
टाकी काठोकाठ, वर आणखी एक कॅन भेट.
तो कॅन मी गेले दोन महिने संपवतेय.

वायरलेसवर बोलावलं.
“तेल किती घातलंस पेट्रोलमध्ये?”
थोडा वेळ नुसती खरखर, मग त्याचा खुशीतला आवाज:
“दुप्पट, एदुविना! म्हातारी झालीय बिचारी,
तिला काही कमी पडू नये.”

लहानपणी मला खोकला झाला की
हाच भाऊ चमच्याऐवजी वाटीनं औषध पाजायचा.

सायलेन्सरचे दोन स्क्रू काढले.
झाकणाआड ठिणग्या अडवणारी जाळी,
अंगठ्याच्या नखाएवढी.
जाळी कसली, काजळीची टिकली.
तीन दिवस मी तिच्या नाकातोंडाशी झटत होते,
आणि तिला श्वास घ्यायला काहीच त्रास नव्हता.
सोडता येत नव्हता.

पक्कडीत धरून चुलीत घातली,
अकरा दिवसांतलंच एक लाकूड खर्चून.
जाळी लाल झाली, काजळीवरून ठिपके पळाले,
विझले. ब्रशनं झटकली, दिव्यासमोर धरली:
भोकाभोकातून उजेड.

त्याचं मिश्रण ओतून टाकलं नाही.
तेवढंच निव्वळ पेट्रोल घातलं की मेळ बसतो,
पन्नासाला एक.
कॅनवर खडूनं लिहून ठेवलं: नोल्बेर्तो, निम्मा.

सकाळी पातं टेकवलं आणि
खोड दोन झालं. मला सावरावं लागलं,
इतकी ती ओढत होती.
दुपारपर्यंत एकवीस दिवस. मोजलं. एकदाच.

संध्याकाळी वायरलेस खरखरला.
“चालली का? काय निघालं?”
मी बटण दाबलं. बोटांना अजून काजळी होती.
“साखळी,” म्हटलं, “बोथट झाली होती.”
“वाटलंच मला! पुढच्या वेळी तेल जरा आणखी...”
“ओव्हर,” म्हटलं,
आणि माते ठेवलं.