देओलिंदाबाईंची भिंत

मोजणीची काठी सरळ धरणं, एवढंच माझं काम.
दुर्बिणीमागे इंजिनिअर रोमिना, गुडघाभर चिखलात,
ओरडते : डावीकडे, बेनिग्नो, डुलू नकोस.
मागे असुन्सिओनचे काचेचे मजले,
पुढे पाराग्वाय नदी, जलपर्णीची बेटं वाहून नेणारी,
आणि मधल्या सखल पट्ट्यात
आम्ही राहतो.
राहत होतो.

नकाशावर इथे तळं आहे.
चढावरून धावत आलेलं पावसाचं पाणी
लव्हाळ्यांतून गाळून घेऊन थोडा वेळ बसेल,
मग सावकाश नदीत उतरेल.
काठाने सायकलवाट, बाकं, लापाचोची झाडं.
पाण्याला जागा द्यायला हवी, रोमिना सभेत म्हणाली.
मागच्या रांगेतून देओलिंदाबाई :
द्या की. माझीच आहे ती.

त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत,
विटांवर निळा चुना, त्यावर खिळ्यानं ओढलेल्या रेघा.
चुलीला टेकलेली, रामोन जन्मला तेव्हाची.
खिडकीच्या वरची, नवरा होडी आणायला गेला तेव्हाची.
आणि एक पार छताशी,
तिच्याबद्दल त्या सांगत नाहीत.
दर पुराला पत्रे, कोंबड्या, शिवणयंत्र उचलून
वरच्या चौकात प्लायवूडच्या खोलीत चार महिने.
ओसरलं की परत. गाळ खरवडायचा, रेघ ओढायची.

रोमिनाच्या संगणकात बावीस वर्षांचं पाणी होतं,
भिंतीवर एक्केचाळीस.
मी काठी भिंतीला लावली. आकडे जुळत गेले.
छताजवळच्या रेघेशी ती थांबली,
काच पुसली, पुन्हा पाहिलं.
त्या रात्री नकाशावरचं तळं रुंद झालं,
सायकलवाट वर सरकली,
आणि बेकरीवाल्या काबायेरोंचं घरही गेलं.
ते माझ्याशी अजून बोलत नाहीत.

आता घरं नाहीत. तळ्याच्या मधोमध तेवढी भिंत ठेवलीय,
रेघांशेजारी पांढऱ्या रंगात आकडे मीच घातले.
देओलिंदाबाईंना चढावर तिसरा मजला मिळाला,
नळाला चोवीस तास पाणी.
तरी पाऊस लागला की बस धरून खाली येतात,
कठड्याला रेलतात :
कुठवर आलंय रे?
चुलीपर्यंत, बाई.
मग अजून जेवणं व्हायचीत, म्हणतात,
आणि शिंगाच्या पेल्यात गार तेरेरे ओतून
आधी मला देतात.